आईची खालची कवळी

माझ्या हातून आजवर जेवढ्या कवळ्या गेल्या, त्यांत सगळ्यात नीट जमलेली कवळी माझ्या आईची. खालची. बढाई म्हणून सांगत नाही. ती नीट जमली होती एवढंच आता माझ्याकडे उरलंय, म्हणून सांगतो.

शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला माझी लॅब आहे. लॅब म्हटलं की लोकांना रक्त-लघवी तपासायची जागा वाटते आणि अधूनमधून एखादा माणूस बाटली घेऊन दारात उभा राहतो. मी त्याला समोरच्या गल्लीत पाठवतो. मी दात बनवतो. माप घेणं आणि तयार दात तोंडात बसवणं हे डॉक्टरांचं काम, मधलं सगळं माझं. ज्यांचे दात मी बनवतो त्यांचं तोंड मी बहुधा बघितलेलंही नसतं. माझ्याकडे येतो तो प्लास्टरचा जबडा आणि मेणात घेतलेला चावा, म्हणजे वरचे-खालचे जबडे एकमेकांवर कसे मिटतात त्याचा ठसा. चावा चुकीचा आला की माझं डोकं फिरतं. त्या बाबतीत मी चिडका म्हणूनच माहीत आहे, आणि माझ्या बायकोच्या मते फक्त त्या बाबतीत नाही.

आई-आप्पा दौंड तालुक्यात, कुरकुंभच्या अलीकडे वस्तीवर राहायचे. आजोबांपर्यंत आमच्या घरी मेंढरं होती. आप्पांनी ती विकली, थोडी शेती धरली आणि कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला लागले. आमच्या घराचं घड्याळ म्हणजे आप्पांची शिफ्ट. त्यांच्या वेळेप्रमाणे जेवणं पुढंमागं व्हायची, पण कुठल्याही शिफ्टला आई सगळ्यांच्या शेवटी जेवायची. सगळ्यांची ताटं उचलून झाली की ती चुलीकडे तोंड आणि दाराकडे पाठ करून बसायची, डोक्यावरचा पदर पुढं ओढायची आणि ताटावर वाकून खायची. आजीही तशीच बसायची. बाईमाणूस खाताना दिसू नये, असा आमच्याकडचा दंडक. पुढं गॅस आला, चूल परसात गेली, तरी आई ओट्याखाली भिंतीकडे तोंड करूनच बसत राहिली. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. घराला दार जिथं आहे तिथं आहे, तसंच ते.

तिचे दात मिश्रीनं आणि हिरड्यांच्या दुखण्यानं गेले, वरचे-खालचे सगळे. मी तिला कवळी करून दिली होती. वरची बरी बसली, कारण वरच्या कवळीला टाळूचा आधार असतो. खालचीला धरायला काही नसतं, आणि आईच्या खालच्या जबड्याचं हाड तर झिजून पार सपाट झालेलं. बोलताना कवळी जिभेवर नाचायची. शेवटी तिनं ती डब्यात घालून फळीवर ठेवून दिली आणि भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. तिला आवडायची ती बाजरीची शिळी भाकरी, तव्यावर परत टाकून पापडासारखी कडक केलेली, वर शेंगदाण्याची चटणी आणि कच्चं तेल. आमच्यासाठी ती तशी भाकरी करायची आणि तुकडा मोडल्याचा आवाज आला की वळून बघायची.

"मला काय सोनं-नाणं नगं," ती एकदा म्हणाली, "कडक भाकरी खायाला मिळावी, बास."

शिरूरच्या ज्या डॉक्टर मॅडमचं काम मी करतो, त्यांनी उपाय सुचवला. खालच्या हाडात पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट बसवायचे, म्हणजे दोन बारीक स्क्रू. त्यांच्या डोक्यावर गोल बोंड असतं आणि कवळीच्या आतल्या बाजूला त्याची वाटी. कवळी दाबली की टक्‌ करून बसते. आईला हे समजावताना मी घामाघूम झालो, पण तिनं एका वाक्यात उरकलं. "म्हंजी झंपरचं टिचबटण की." त्यानंतर लॅबमध्येही आम्ही त्याला टिचबटणच म्हणायला लागलो.

मॅडमनी स्क्रू बसवले, ते हाडात रुजायला काही महिने गेले. मग कवळी करायची वेळ आली आणि मी ठरवलं की ही मी हातानंच करणार. ही जुनी रीत आहे. मेणात एकेक दात मांडायचा, वरच्या-खालच्यांची गाठ घालून बघायची, मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी ॲक्रिलिक कोंबायचं आणि साचा पाण्यात उकळायचा. सगळं माझ्या बोटांखालून गेलेलं. एक तेवढी खोड आहे तिची, उकळून थंड होताना ॲक्रिलिक किंचित आकसतं. डोळ्यांना दिसणार नाही इतकं, पण दात जागचे हलतात आणि चावा कुठंतरी उंच होतो. मग दातांखाली कार्बनसारखा निळा कागद धरायचा आणि जिथं ठिपका गडद उमटेल तिथं घासायचं.

साध्या कवळीला हे चालून जातं. ती मऊ हिरडीवर बसलेली असते. एक बाजू थोडी उंच राहिली तरी दबते, सरकते, सांभाळून घेते. टिचबटणावरची कवळी सांभाळून घेत नाही. एक बाजू आधी टेकली की दुसरी मागून उचलली जाते, कवळी त्या दोन बोंडांवर हिंदकळत राहते आणि सगळा भार वाकडा पडतो. आणि त्यात आणखी एक गोष्ट अशी, की इम्प्लांटला काही कळत नाही. आपल्या दाताखाली केस आला तरी आपल्याला समजतं, कारण दाताच्या मुळाभोवती जीव असतो. स्क्रू सरळ हाडात गेलेला. चावा कुठं जड लागतोय हे माणूस नीट सांगू शकत नाही, ते कागदाच्या निळ्या ठिपक्यांवरून आणि त्याच्या खाण्यावरून ओळखावं लागतं.

कवळी बसवली त्या दिवशी आईनं आरशात बघितलं आणि पटकन पदर तोंडावर घेतला. तिच्या गालांचे खड्डे भरून आले होते. मॅडमनी तिच्या हातात बिस्कीट दिलं आणि म्हणाल्या, "आजी, हे खाऊन दाखवा बरं. दोन्हीकडून चावा."

आई बिस्कीट हातात धरून बसली. मॅडमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीतच भिंतीकडे वळली. खुर्ची काही वळेना, म्हणून मान वळवली.

"आई, अगं चावून दाखव, त्याशिवाय कळणार कसं?"

"पोराम्होरं, लोकांम्होरं आसं चावत बसायचं व्हय? घरी जाऊन खाते की."

बिस्कीट तिनं रुमालात बांधून घेतलं. मॅडम हसल्या. कागद लावून त्यांनी चावा बघितला, उजवीकडे मागचे दात आधी टेकत होते, ते घासले. "आता कसं वाटतंय?" म्हटल्यावर आई म्हणाली, "लई ब्येस." तिला काहीही विचारलं तरी ते लई ब्येसच असायचं.

आठवड्यानं आप्पांचा फोन आला. "ती खात न्हाई. भाकरी मोडती, घोळवती आन् तशीच टाकती. एक बाजू धरत न्हाई म्हनं."

मग मी दर रविवारी घरी जायला लागलो. न्हावऱ्यावरून पारगावचा पूल ओलांडून चौफुल्याला आणि पुढं हमरस्त्यानं कुरकुंभकडे, मोटरसायकलवर, खिशात निळा कागद आणि डबीत घासायची टोकं. एरवी मी दिवाळीला आणि जत्रेला जायचो. आई मला लांबूनच ओळखायची आणि दारात यायच्या आधीच चहाचं आधण ठेवायची. मी तिला उजेडात पायरीवर बसवायचो, कागद दाताखाली धरायचो, "टकटक कर" म्हणायचो. ती टकटक करायची. कुठं गडद ठिपका दिसला तर मी घासायचो. मग ती आत जायची, मी ओसरीवर थांबायचो, आणि बाहेर येऊन म्हणायची, "आता जरा बरं हाय." आणि पुढच्या आठवड्यात ताटात भाकरी तशीच.

ती वाळत चालली होती. झंपर खांद्यावरून उतरायला लागलं होतं. मी आणखी घासायचो. घासून घासून चावा सुधारत नाही, एक ठिपका गेला की दुसरा येतो, आणि शेवटी मलाच माझ्या हाताचा राग आला. मॅडम म्हणाल्या, "हातानं केलेल्यात इतका फरक राहतोच. नव्या पद्धतीनं करून बघू."

नवी पद्धत म्हणजे कॉम्प्युटरवर आखायची आणि मशीननं कोरून काढायची. ॲक्रिलिकची चकती आधीच कारखान्यात शिजलेली असते, त्यामुळं थंड होताना आकसायचा प्रश्न नाही, आखली तशी उतरते. मला ती पद्धत फारशी आवडत नाही, त्यात बोटांना काही काम उरत नाही. पण आईसाठी मी मुकाट्यानं पुण्याच्या एका लॅबमध्ये जाऊन बसलो. चावा आम्ही नव्यानं घेतला, आई घरी पायरीवर बसते तशी सरळ बसवून. कवळी आली. मी ती जबड्यासारख्या हलणाऱ्या यंत्रावर चढवली, कागद लावला, आणि मला स्वतःशीच हसू आलं. दोन्हीकडे सारखे ठिपके. सारख्याच रंगाचे, एकाच वेळी उमटलेले. तोंडात बसवल्यावरही तसेच. मॅडम म्हणाल्या, "याच्यापुढं करण्यासारखं काही नाही."

पुढच्या रविवारी आई म्हणाली, "अजून जराशी डावी बाजू बघ."

मी डावी बाजू बघितली. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. मग मात्र मी हट्टाला पेटलो. म्हटलं, आज तू माझ्यासमोर जेवायचंस. नुसती टकटक नाही, भाकरी खायची. मला तुझं चावणं बघायचंय.

"वंगाळ दिसतं ते."

"मी रोज लोकांचे जबडे हातात घेऊन बसतो. मला काय वंगाळ दिसायचंय?"

आप्पा ओसरीवर होते. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. आईनं कडक भाकरी केली, चटणी-तेल घेतलं आणि सवयीनं भिंतीकडे तोंड करून बसली. मी उठून भिंतीला पाठ लावून तिच्यासमोर बसलो. ती वळली. मीही वळलो. असं आम्ही सगळ्या स्वयंपाकघरात सरकलो, शेवटी तिला हसू फुटलं. हसताना तिचे दात दिसले. म्हणाली, "बापासारखाच चिवट हाईस." आणि पदर मागं सारून तिनं तुकडा मोडला.

तोवर मी माझ्या आईला जेवताना बघितलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

तिनं तुकडा तोंडात घातला आणि चावायला लागली. कडक भाकरीचा आवाज आला. आधी उजवीकडे, मग जिभेनं घास डावीकडे नेला, मग परत. खालची कवळी जराही हलत नव्हती. जबडा हलकेच बाजूला जाऊन मधे येत होता, जसा यायला पाहिजे तसा. इतकं सुंदर चावणं मी कधी बघितलं नाही. मला मॅडमना तिथूनच फोन करावासा वाटला.

आणि मग तिनं घास गिळला नाही. ती चावतच राहिली. त्या घासाचं पार पीठ झालं असेल तरी चावत राहिली. मग डोळे मिटून तिनं गिळायचा प्रयत्न केला. गळ्याची शीर ताठ झाली. छातीवर मूठ ठेवली. पाण्याचा घोट घेतला, तो कसाबसा उतरला, घास मात्र अडकला. ती उठली, मोरीकडे गेली आणि सगळं बाहेर आलं.

तोंड धुऊन ती परत येऊन बसली. माझ्या हातात निळा कागद तसाच होता.

"कधीपासून?"

"लई दिस झालं. आधी भाकरी आडायची. आता भातबी आडतो."

"मग मला दाताचं का सांगत राहिलीस?"

तिनं चटणीचं ताट बाजूला सारलं. "मला वाटलं दाताचंच आसंल. तू घासलं की बरं व्हईल आसं वाटायचं. मंग वाटंना. पर तवा तू दर आयतवारी यायला लागला व्हतास."

मला रडू आलं आणि ते तिच्यासमोरच आलं. तिनं मनगटावर पदर घेऊन माझं तोंड पुसलं, बोटांची चटणी लागेल म्हणून.

पुण्याच्या दवाखान्यात दुर्बीण घालून बघितलं. अन्ननलिकेत गाठ होती, बरीच वाढलेली. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं. आप्पा म्हणाले, "म्हंजी दाताचं कायच न्हवतं?" डॉक्टरांना तो प्रश्न कळला नाही. मला कळला.

करण्यासारखं थोडं होतं, ते केलं. पोटात नळी घातली आणि तिला घरी आणलं. नळीतून पातळ पेज, दूध, डाळीचं पाणी द्यायचं. ज्या बाईनं आयुष्यभर कुणाला आपलं खाणं दिसू दिलं नाही, तिला सगळ्यांसमोर, उघड्या दारात, कॉटवर जेवायला लागायचं. पहिल्या दिवशी तिनं डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "माजे दात दे."

"आई, आता दात कशाला?"

"जेवायची येळ झाली न्हवं?"

मी कवळी धुऊन दिली. तिनं स्वतःच्या हातानं बसवली, टक्‌ आवाज आला, आणि मग तिनं डोळे उघडे ठेवले. शेवटपर्यंत तसंच चाललं. पेज नळीतून जायची आणि ती दात लावून बसून असायची, कधीमधी जबडा हलवायची, आमच्याशी बोलायची. मी लॅब बंद करून तिच्यापाशी येऊन राहिलो होतो. रविवारची वाट बघायची आता कुणाला गरज नव्हती.

आप्पांनी त्या दिवसांत एक गोष्ट केली. माझ्या बायकोनं त्यांचं ताट वाढलं की ते तसंच झाकून ठेवायचे. आईची नळी धुऊन होईपर्यंत ताटाला हात लावायचे नाहीत. बायकोनं विचारलं, तर म्हणाले, "तिचं होऊ दे आधी." मग भिंतीला टेकून, तिच्याकडे तोंड करून जेवायचे. भाकरी कडक असली तर आवाज होऊ नये म्हणून दुधात भिजवायचे. त्यांचे स्वतःचे दात अजून धड आहेत.

ती गेली तेव्हा सकाळ होती. अंघोळ घालायच्या आधी बायकांनी मला आत बोलावलं. तिचा चेहरा पुन्हा आत गेला होता, गालांचे खड्डे पुन्हा दिसत होते. कवळी मी बसवली. वरची टाळूला, खालची टिचबटणांवर. हनुवटीला हात देऊन तोंड मिटवलं, तेव्हा दोन्ही बाजू एकदमच टेकल्या. सवयीनं माझं लक्ष तिकडेच गेलं. मग बायकांनी तिच्या हनुवटीला पट्टी बांधली आणि मी बाहेर आलो.

तिसऱ्या दिवशी भीमेच्या काठावर राख सावडायला गेलो. भावकीतली मोजकी माणसं, आप्पा आणि मी. पाणी शिंपडून राख निवली होती. आम्ही हाडं वेचून मडक्यात घालत होतो. कवळीतलं काही राहणं शक्यच नव्हतं, ॲक्रिलिक आधीच जळून जातं. एक चुलते राख चाळत होते, ते थांबले आणि बोटांत काहीतरी धरून म्हणाले, "हे काय खिळं आलं? लाकडातलं दिसत्यात."

ते फेकणार होते. मी हात पुढं केला. दोन बारीक स्क्रू होते, आगीनं निळसर झालेले. आटे शाबूत होते.

आप्पा जवळ आले. "काय हाय ते?"

"आईच्या दाताचे स्क्रू."

त्यांनी ते माझ्या हातातून घेतले. एकेका तळहातावर एकेक ठेवला आणि बराच वेळ बघत राहिले. चुलते म्हणाले की धातू नदीत सोडत नाहीत, बाजूला ठेवा. आप्पांनी ऐकलं नाही. दोन्ही स्क्रू त्यांनी मडक्यात हाडांवर ठेवले, एक इकडे, एक तिकडे, आणि वरून फडकं बांधलं.

नदीकडे उतरताना त्यांनी माझा दंड धरला. वाळूत पाय रुतत होते, म्हणून धरला असेल असं मला वाटलं.

"एक इचारू का?" ते म्हणाले. "ते दुखणं नसतं, तर तिला भाकरी खाता आली आसती न्हवं? कडक?"

"आली असती, आप्पा."

"दोन्ही बाजूंनी?"

"दोन्ही बाजूंनी."

त्यांनी मान डोलावली आणि मडकं माझ्या हातात दिलं.